बावीस नारळ आणि एक घोडा

भूतानात आमचं कोणी नाही. सोयरं नाही, भाऊबंद नाही, कोणाचं लग्न नव्हतं, कोणी दवाखान्यात नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षभरात अमडापुरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला, की कोणी नुसतं "काय वयनी" म्हटलं तरी मी "कोणी नाही हो तिथं" असं उत्तर द्यायला लागले होते.

आमच्याकडे माणूस गाव सोडतो ते चार कामांसाठी. लग्न, मयत, दवाखाना आणि देव. पाचवं कारण मी काढलं आणि त्याने गावाची झोप उडाली.

सुरुवात मिरचीपासून झाली. आमची चार एकर जमीन, त्यात मिरची, वांगी, कोबी असा भाजीपाला. मी वीस वर्षं अंगणवाडीत होते, आता पूर्ण वेळ शेतात. आमची मुलगी अश्विनी पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला आली असताना तिने फोनवर एक फोटो दाखवला. डोंगरातलं एक लाकडी घर, नक्षीच्या खिडक्या, आणि अख्ख्या छपरावर लालभडक मिरच्या वाळत घातलेल्या. मागे पांढरा डोंगर.

"हे कोणाचं वावर?" मी विचारलं.

"आई, हा भूतान देश आहे. हे लोक मिरचीची भाजी करतात. मिरची घालून नाही, मिरचीचीच."

"मला तिथं जायचंय," मी म्हणाले. मी हे मोठ्याने म्हणाले याचं मलाच नवल वाटलं. शेजारी माझे यजमान, सुधाकरराव, जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

अमडापूर : वहीची दोन पानं

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावर अडलेली होती. माणूस सोन्यासारखा. पण लग्नाला छत्तीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत ह्यांनी एकही प्रवास शेवटाला नेलेला नाही. अजिंठा आमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे. जगभरचे लोक येऊन बघून जातात. आम्ही तीनदा निघालो. पहिल्यांदा मोटर जळाली, दुसऱ्यांदा वांग्यावर अळी पडली, तिसऱ्यांदा तर चिखलीच्या बसस्टँडवरून परत आलो, कारण ह्यांना वाटलं की कोबीचं पाणी चालूच राहिलंय. घरी येऊन पाहिलं तर बंद होतं.

मला एकटीला जायचं नव्हतं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, पण इथे सांगते. मला ह्यांच्याबरोबर जायचं होतं. आयुष्यभर आम्ही एकाच सरीत पुढे-मागे चाललो. एकदा तरी शेजारी-शेजारी उभं राहून, काही न तोडता, काही न उपटता, नुसतं काहीतरी बघायचं होतं. पण तोंडाने मी म्हणाले, "या टायमाले तुमी नाई आले, तं मी एकटी जाईन."

"हाव, पाहू," ते म्हणाले. 'पाहू' म्हणजे काय ते मला छत्तीस वर्षांत चांगलं समजलं होतं.

मी अंगणवाडीच्या सवयीने शंभर पानी वही केली. उजव्या पानावर अश्विनीने फोनवर सांगितलेली माहिती, डाव्या पानावर ह्यांनी काढलेल्या अडचणी. डावं पान नेहमी आधी भरायचं.

उजवीकडे : तिथे आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. डावीकडे : ह्यांचं मतदान कार्ड सापडत नाही. "मंग माझं जमत नाई," ते आनंदाने म्हणाले. आठ दिवसांनी ते कार्ड मिरचीच्या बियाण्याच्या डब्यात, बियाण्याच्या खाली निघालं. "उंदरानं नेलं असंन," म्हणे. उंदराने डब्याचं झाकणही परत लावून ठेवलं होतं.

उजवीकडे : थंडी कडाक्याची, गरम कपडे भरपूर घ्यावेत. डावीकडे : "आपल्या बुलढाण्यात काय कमी थंडी असते? मले सेटर लागत नाई."

उजवीकडे : तिथे राहण्याचे रोजचे पैसे सरकारला भरावे लागतात. डाव्या पानावर ह्यांनी जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. अश्विनीने पैसे परस्पर भरून टाकले आणि ते पान मी दुमडून ठेवलं.

उजवीकडे : पारो गावाजवळ कड्याला चिकटलेला एक मठ आहे, तीन तास चढावं लागतं, दम लागतो, सराव करावा. इथूनच सगळा घोळ झाला.

आमच्या गावाजवळ टेकडीवर देवीचं मंदिर आहे. मी रोज सकाळी त्या पायऱ्या चढायला लागले. लुगड्यावर स्पोर्टचे बूट, पाठीवर दहा किलो वांग्यांची पिशवी. आठवडाभर लोक नुसते पाहत होते. मग शेजारच्या मळ्यातल्या ताराबाईंनी मला अर्ध्या पायरीवर गाठलं.

"वयनी, नवस हाये का?"

मी इतक्या धापा टाकत होते की नाही म्हणायलाही श्वास नव्हता. "हिमालयात... जायचं हाये..."

"देवाले?"

मी म्हणाले, "हाव."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. खरं सांगायचं तर वरपर्यंत पोचून दम खाऊन मी ते दुरुस्तही केलं असतं. पण मी खाली उतरेपर्यंत ताराबाई गावात पोचल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नारळ घेऊन दारात उभ्या. शेंडीला लाल धागा, वर हळद-कुंकू. "माझ्या नावानं देवाले चढवजा. माझं तं काई जाणं होत नाई." आमच्याकडे रीतच आहे. जो जातो तो स्वतःपुरता जात नाही. ज्याला जाता येत नाही तो त्याच्या हाती नारळ देतो, आणि तो नारळ पोचवायचा म्हणजे पोचवायचाच. दुसऱ्याच्या नावाचा नारळ घरात ठेवत नाहीत, फोडून खात तर नाहीतच.

मी सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात ह्यांच्याकडे नजर गेली. ते ओट्यावर चहा पीत होते. नारळाकडे असे पाहत होते जसं कोर्टाचं समन्स आलंय. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी तोंड मिटलं आणि नारळ घेतला.

पंधरा दिवसांत एकवीस नारळ जमले! कोणाच्या सुनेला मूल हवं, कोणाच्या पोराला नोकरी, कोणाची नुसतीच हौस. मी प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी लिहून शेंडीच्या धाग्यात अडकवली आणि वहीत यादी केली. मनात मात्र धाकधूक होती. एकवीस घरांना मी फसवत होते. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी अश्विनीला फोनवर खरं सांगितलं. ती इतकी हसली की फोन खाली पडल्याचा आवाज आला.

"आई, अगं तिथे देव आहे की! त्या मठात त्यांचे गुरू रिंपोचे वाघिणीवर बसून उडत आले, अशी त्यांची श्रद्धा आहे."

"वाघिणीवर?"

"वाघिणीवर."

मी सुटले. वाघिणीवर बसून आलेला देव आमच्या गावाला समजावून सांगावा लागत नाही. मी उजव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : देव आहे.

डावं पान आता ओसाड पडायला लागलं. हे म्हणाले, "पाणी कोन देईन?" ताराबाईंचे यजमान रामभाऊ म्हणाले, "काऊन बे सुधाकर, आमचा नारळ घेऊन जाऊन राह्यले तुमी, मंग तुमच्या वांग्याले पाणी मी नाई देणार का?" हे म्हणाले, मिरचीचा तोडा आलाय. चार नारळवाल्या बाया आल्या आणि दोन दिवसांत तोडा करून गेल्या. मोटर बिघडली तर दुरुस्त करायला नारळ, कोबी बाजारात न्यायला नारळ. ह्यांच्या प्रत्येक अडचणीपुढे कोणाचा ना कोणाचा नारळ उभा होता.

निघायच्या आदल्या दिवशी ते फारच शांत होते. एकही अडचण काढली नाही. त्यांनी स्वतः आपली बॅग भरली, नारळाच्या पोत्याचं तोंड स्वतः सुतळीने शिवलं. मला ते शांत बसणं आवडलं नाही.

नांदुरा

रामभाऊंच्या भाजीच्या पिकअपमधून आम्ही नांदुऱ्याला आलो. सोयाबीन निघून हरभरा पेरून झाला होता, तेव्हा शेतीच्या हिशेबानेही वेळ बरोबर होती. फलाटावर मी, हे, दोन बॅगा, दशम्या आणि ठेच्याची पिशवी, आणि नारळाचं पोतं. रामभाऊ म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत मी थांबतो." मला वाटलं, काय माया आहे माणसाची.

गाडीचा आवाज आला. मला माहीत होतं की काहीतरी होणार. फोन येईल, पाणी आठवेल, कळ येईल. आणि मला हेही माहीत होतं की मी वळून पाहिलं तर ते बोलतील, आणि ते बोलले तर मी उतरेन. चिखलीच्या स्टँडवर मी असंच वळून पाहिलं होतं. म्हणून मी ठरवलं, पाहायचंच नाही. गाडी थांबली, मी माझी बॅग उचलली, डब्यात चढले, खिडकीशी जाऊन बसले आणि पलीकडच्या रुळांकडे बघत राहिले. शेजारच्या जागेवर मी दशम्यांची पिशवी ठेवली. डोळ्यांत पाणी होतं, ते कोणाला दिसू नये म्हणून पदर डोक्यावरून ओढला.

गाडी हलली. मग कोणीतरी दशम्यांची पिशवी उचलून वर ठेवली आणि माझ्या शेजारी बसलं. पायाशी नारळाचं पोतं आदळलं.

"सरक थोडी," हे म्हणाले.

मी सरकले. नागपूर येईपर्यंत माझा विश्वास बसला नव्हता. नागपूर गेल्यावर मात्र मला इतका आनंद झाला की समोरच्या बंगाली कुटुंबाला मी सगळा ठेचा वाढायला घेतला, आणि त्यांच्या आजोबांना वारा घालायची वेळ आली.

फुंटशोलिंग

कोलकात्यात गाडी बदलून हासीमारा, तिथून जयगाव. जयगाव आपलं, आणि रस्त्यात एक नक्षीची वेस. वेशीच्या अलीकडे भोंगे, गर्दी, पानाच्या पिचकाऱ्या. पलीकडे भूतानच्या फुंटशोलिंगात पाय ठेवला की एकदम सामसूम. माणसं कुजबुजत बोलतात, गाड्या रस्ता ओलांडणाऱ्यासाठी थांबतात. हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि गाडी थांबली. ते मागे सरले, गाडी तशीच उभी. पुढे आले, गाडी उभीच. "याची गाडी बिघडली वाटते," ते म्हणाले.

आमचा वाटाड्या पेमा तिथे भेटला. तिशीतला, हसरा, अंगात त्यांचा घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा जाड अंगरखा आणि खाली लांब मोजे. हिंदी झकास. आमचं सामान तपासणाऱ्या साहेबांनी पोत्याला हात लावला आणि चेहरा गंभीर केला.

"ये क्या है?"

"नारियल. देव को," मी म्हणाले.

"इतने?"

ह्यांनी पुढे होऊन सांगितलं, "साब, बीज नहीं है, उगता नहीं है. पूजा का है. पूरे गाव का है." साहेबांनी पोत्यावरूनच चाचपून मोजले. "बाईस," म्हणाले. मी म्हणणार होते की एकवीस, पण त्यांनी तेवढ्यात हसून जाऊ दिलं, आणि सरकारी माणसाला हसताना थांबवू नये इतकं मला कळतं.

थिंफू

घाट चढत गेलो तसं धुकं आलं, मग थंडी आली. थिंफूच्या हॉटेलात ह्यांनी आपली बॅग उघडली. आत एक गोधडी निघाली. दुसरं काही नाही. ना शर्ट, ना स्वेटर, ना टॉवेल.

"कपडे कुठं हायेत?"

"गोधडी आणली ना. थंडीसाठी," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

मला हसू आवरेना. म्हटलं, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः बॅग भरली, तर एवढं चालायचंच. पण संध्याकाळी दात वाजायला लागल्यावर बुलढाण्याची थंडी कामाला आली नाही. पेमाने घरून आपल्या वडिलांचा घो आणून दिला. पुढचे चार दिवस आमचे सुधाकरराव भूतानी माणूस होऊन फिरले. वर घो, मध्ये पट्टा, खाली मोजे, डोक्यावर मात्र आपली टोपी. दोन वेळा पाहुण्यांनी त्यांना रस्ता विचारला. त्यांनी एकदा सांगितलाही.

राजधानीचं गाव, पण सिग्नल नाही. चौकात पांढऱ्या हातमोज्यांचा पोलीस हात फिरवतो, आणि सगळे ऐकतात. आम्ही ते अर्धा तास बघत उभे होतो. जेवायला लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मिरच्या. ह्यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "मिरची चांगली हाये. पन दूध घालून काऊन बिघडवली?" असं म्हणत तीन वेळा वाढून घेतली.

मी पेमापुढे आमचा उरलेला ठेचा ठेवला. सावध केलं, संभलके. त्याने बोटभर घेतला, चाखला, मान हलवली. "अच्छा है आंटी. थोड़ा कम तीखा है."

आमच्या घरात आजवर कोणी असं बोललेलं नव्हतं. ह्यांनी ठेच्याची डबी ओढून घेतली आणि स्वतः बोटभर चाखून पाहिला.

पारो

आणि मग पारोच्या वाटेवर ते छप्पर दिसलं. फोटोतलं नव्हे, पण तसंच. लाल मिरच्या, मागे बर्फाचा डोंगर. मी काही बोलायच्या आधी ह्यांनी "गाडी रोको" म्हटलं. एक म्हातारी शिडीवर चढून मिरच्या पालटत होती. पेमाने विचारलं, तिने हसून वर बोलावलं. हे घो सावरत शिडी चढले. एक मिरची उचलली, कानाजवळ नेऊन हलवली. वाळली की आत बी खुळखुळतं, ते ऐकून आम्ही पोतं भरायचं ठरवतो. म्हातारी बघत राहिली. मग तिनेही एक उचलली, कानाशी नेली, हलवली, आणि नकाराचा हात केला. अजून दोन दिवस. ह्यांनीही दोन बोटं दाखवली. दोघं मिळून इतके हसले की खालून मलाही हसू फुटलं. मी वर गेले. आम्ही दोघं छपरावर शेजारी-शेजारी उभे राहिलो आणि डोंगराकडे पाहिलं. तेव्हाच मला वाटलं, आता मठ नाही झाला तरी चालेल.

पण नारळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या कड्याखाली उभे. मठ इतका वर की मान मोडून बघायचा. अर्ध्या वाटेपर्यंत घोडे मिळतात. घोडेवाली बाई मला बसवायला पुढे आली. मी म्हटलं, मी चालणार, महिनाभर वांगी घेऊन पायऱ्या चढलेय.

"फिर घोड़े पे कौन?"

"नारियल," हे म्हणाले.

तिला वाटलं, ह्यांना हिंदी येत नाही. पेमाने समजावलं. तिने आणखी दोन घोडेवाल्यांना बोलावून पुन्हा एकदा विचारलं. "एकवीस घरांचा मान हाये तो," हे मला म्हणाले, "पोतं घोड्यावरच जाईन." पोतं खोगिरावर बांधलं आणि वरात निघाली. पुढे घोड्यावर नारळ, मागे घो घातलेले हे, त्यांच्यामागे नऊवारी आणि बुटातली मी. खाली उतरणारे गोरे पाहुणे बाजूला होऊन हात जोडत होते. त्यांना वाटलं असेल, काहीतरी फार पवित्र चाललंय. त्यांचं काही चुकलं नाही.

अर्ध्या वाटेनंतर घोडा संपला. पुढे ह्यांनी पोतं पाठीवर घेतलं. ज्या माणसाने आयुष्यभर मिरचीची पोती वाहिली त्याला ते जड नव्हतं, पण हवा विरळ होती. दर वीस पावलांनी आम्ही थांबायचो. मी कापराची पुडी हुंगायचे, मग त्यांना द्यायचे. पेमा म्हणाला, पोतं मी घेतो. हे म्हणाले, "नहीं. गाव ने हमको दिया."

मठाच्या दारात पिशव्या ठेवाव्या लागतात, फोनसुद्धा. पेमाने तिथल्या माणसाशी बोलून घेतलं. मग ह्यांनी सुतळी उसवली, नारळ दोन उपरण्यांत बांधले, आणि आम्ही आत गेलो. आत तुपाच्या दिव्यांचा उजेड आणि गुरूंची मोठी मूर्ती. समोर नैवेद्य म्हणून फळं, आणि पुडेच्या पुडे बिस्किटं! एक तरुण भिक्षू बसला होता. पेमाने सांगितलं, इथे फोडत नाहीत, नुसते ठेवतात.

मी एकेक नारळ पुढे करून चिठ्ठी वाचायला लागले. "ताराबाई रामभाऊ, अमडापूर." भिक्षूने मान लववली, नारळ बिस्किटांशेजारी ठेवला. प्रत्येक नावाला त्याने तशीच मान लववली. मला भरून आलं. ज्यांनी जालन्यापलीकडे पाहिलं नाही त्या बायांची नावं मी हिमालयाच्या कड्यावर मोठ्याने घेत होते. खोटं बोलल्याची बोचणी तिथे निघून गेली.

एकवीस झाले तसे हे उठून बाहेर गेले. उपरण्यात एक उरला.

साहेबांनी बरोबर मोजलं होतं. मी चिठ्ठी उलगडली. अक्षर माझं नव्हतं. तिरपं, उजवीकडे कललेलं, आमच्या बियाण्यांच्या डब्यांवर असतं तसं. 'सुधाकर. माझ्या नावानं.'

मी ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. नारळ कोण देतो? ज्याला जाता येत नाही तो. बॅगेत नुसती गोधडी, म्हणजे बॅग भरलेली दिसावी म्हणून. गाडी सुटेपर्यंत थांबलेले रामभाऊ, म्हणजे ह्यांना परत न्यायला. निघायच्या आदल्या दिवशी ते पोत्याचं तोंड शिवत बसले होते, तेव्हाच त्यांनी आपला नारळ आत टाकला होता.

मी नारळ घेऊन बाहेर आले. हे कठड्याशी उभे होते, घो वाऱ्याने फडफडत होता.

"तुमी येणारच नव्हते."

ते खाली दरीकडे बघत राहिले. "नाई."

"मंग गाडीत काऊन चढले?"

"रामभाऊले सांगून ठेवलं होतं, तुले बसवतो अन् वापस येतो. तू वळून पाह्यशीन, मंग मी सांगीन, असं होतं. तू पाह्यलंच नाई. चढली, बसली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून देली. माझी जागा भरून टाकली तू. मले भेव वाटलं."

"कायचं?"

"का आता तुह्यं माह्याबिगर जमते."

मला त्यांना सांगायचं होतं की पदराखाली मी रडत होते. सांगितलंही, तिथेच, पुन्हा रडून. पेमा बिचारा दुसरीकडे बघायला लागला.

मग तो हळूच म्हणाला, "आंटी, वो भी चढ़ाना है?"

"नाही," मी म्हणाले. "ये जिसका है, वो खुद आया है."

तो नारळ आम्ही खाली, घोडे बांधतात तिथे, दगडावर फोडला. पाणी ह्यांनी मला पाजलं. खोबऱ्याचे तुकडे पेमाला, घोडेवालीला, आणि एक मोठा तुकडा घोड्याला. घोड्याने तो हुंगला आणि परत दिला.

परत आल्यावर गावजेवण घातलं. प्रसाद म्हणून मठातून मिळालेली बिस्किटं एकवीस घरांत वाटली. ताराबाईंनी बिस्कीट कपाळाला लावून विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"मोठ्यानं घेतलं. देव वाघिणीवर बसून आलेला हाये."

"मंग!" त्या म्हणाल्या, जसं काही त्यांना माहीतच होतं. हे मात्र ओट्यावर बसून रामभाऊंना दोन तास सांगत होते की भूतानात मिरची कशी लावतात, आणि आपला ठेचा कमी तिखट कसा आहे.

गेल्या रविवारी सकाळी हे म्हणाले, "चाल, अजिंठा पाहून येऊ." मी चपला घातल्या. दारात ताराबाई भेटल्या. "कुठं? देवाले का? थांबा, नारळ घेऊन जाजा."

"नाई वो," हे म्हणाले, "आमी दोघंच चाल्लो."

बस लागली तेव्हा ते माझ्या आधी चढून बसले होते, आणि शेजारच्या जागेवर त्यांनी हात ठेवला होता.